पुणे ३० ची कुंडली: मोठ्या संख्येचे गुणधर्म हाताने कसे शोधायचे

एखाद्या मोठ्या संख्येची माहिती शोधायला गेलं की हाती लांबलचक यादी येते. ही संख्या सम आहे, संयुक्त आहे, विपुल आहे, हर्षद आहे, द्विमान पद्धतीत अशी लिहितात, तिला इतके विभाजक आहेत. यादी खरी असते, पण वाचून कळत काही नाही. कुठल्या गोष्टीतून कुठली गोष्ट निघाली, काय महत्त्वाचं आणि काय नुसती गंमत, हे यादी सांगत नाही. ते कळायला एक संख्या घेऊन बसावं लागतं.

आपण ४११०३० घेऊ. पुण्यात हिची ओळख करून द्यायला नको. पाकिटावर आपण 'सदाशिव पेठ, पुणे ३०' लिहितो, तोच हा पिनकोड. अधूनमधून तिघे शेजारीही येतील: कॅम्पचा ४११००१, डेक्कनचा ४११००४ आणि कोथरूडचा ४११०३८.

खरं तर पिनकोड ही संख्या नव्हेच, ते अंकांनी लिहिलेलं नाव आहे. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. तिची आखणी केली केंद्रीय दळणवळण खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी, जे संस्कृत कवीही होते. पहिला अंक देशातला विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन वाटपाचं पोस्ट ऑफिस. दोन पिनकोडची बेरीज करून तिसरं गाव सापडत नाही. पण सहा अंक ओळीत लिहिले की त्यांची संख्या होतेच, आणि सहा अंक हे शिकणाऱ्यासाठी नेमकं माप आहे. तोंडी सुटणार नाही इतकं मोठं आणि एका बैठकीत संपेल इतकं लहान.

लागणारं साहित्य म्हणजे चौकटीची वही, पेन्सिल आणि १०० पर्यंतच्या २५ मूळ संख्यांची यादी. यादी पाठ नसेल तर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कॅल्क्युलेटर जवळ असला तरी चालेल, मात्र तो फक्त पडताळणीला.

पायरी १: भागाकार न करता जे दिसतं ते टिपा

शेवटचा अंक ० आहे, म्हणजे २ नेही भाग जातो आणि ५ नेही. शेवटचे दोन अंक ३०. त्याला ४ ने भाग जात नाही, म्हणून पूर्ण संख्येलाही जात नाही. यावरून २ हा अवयव एकदाच येणार, हे आत्ताच कळलं. ५ चंही तसंच, कारण ३० ला २५ ने भाग जात नाही. अंकांची बेरीज ४+१+१+०+३+० = ९, म्हणून ३ नेही भाग जातो आणि ९ नेही.

शाळेत बहुतेकांच्या कसोट्या इथे संपतात. ७ आणि १३ ची कसोटी सहसा कुणी विचारत नाही. सहा आकडी संख्येसाठी मात्र एक फार सोयीची युक्ती आहे, आणि पिनकोडला ती अंगच्या कपड्यासारखी बसते, कारण पिनकोड तीन-तीन अंकांतच बोलला जातो. संख्येचे मधोमध दोन तुकडे करा: ४११ आणि ०३०. मोठ्यातून लहान वजा करा: ३८१. या ३८१ ला ७, ११ किंवा १३ ने भाग गेला तरच मूळ संख्येला त्या त्या संख्येने भाग जातो.

कारण साधं आहे. ७ × ११ × १३ = १००१. आणि ४११०३० म्हणजे ४११ × १००० + ३०, म्हणजेच ४११ × १००१ − ३८१. पहिल्या तुकड्याला तिन्ही संख्यांनी भाग जातोच, त्यामुळे निकाल लागतो तो ३८१ वर. ३८१ ला ७ ने भागलं तर बाकी ३, ११ ने भागलं तर ७, १३ ने भागलं तर ४. तिघेही बाद.

डेक्कनला हीच कसोटी लावा. ४११ − ४ = ४०७, आणि ४०७ = ११ × ३७. म्हणजे ४११००४ ला ११ ने भाग जातो. कॅम्पसाठी ४११ − १ = ४१०, त्याला तिघांपैकी कुणानेही भाग जात नाही.

पायरी २: मूळ अवयव पाडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. पुढे येणाऱ्या बहुतेक गोष्टी याच पायरीतून निघतात. ही चुकली तर पुढचं सगळं चुकलं.

उभी मांडणी करा. ४११०३० ला २ ने भागा: २०५५१५. त्याला ५ ने: ४११०३. त्याला ३ ने: १३७०१. पुन्हा ३ ने: ४५६७.

इथे क्षणभर थांबा आणि ही संख्या बघा. चार, पाच, सहा, सात. पुणे ३० च्या पोटात ओळीने चार अंक बसलेत: ४११०३० = ९० × ४५६७. पेठेत राहून हे माहीत नसलेले कितीतरी निघतील. (हा योगायोग आहे. त्याला अर्थ चिकटवायला जाऊ नका. नुसता बघून खूश व्हा.)

आता ४५६७ चे आणखी तुकडे पडतात का? नवख्या माणसाला वाटतं की ४५६६ पर्यंत सगळ्या संख्यांनी भागून बघावं लागेल. तसं नाही. ६७ चा वर्ग ४४८९ आणि ६८ चा ४६२४, म्हणजे ४५६७ चं वर्गमूळ ६७ आणि ६८ च्या मध्ये आहे. ४५६७ हा दोन संख्यांचा गुणाकार असेल तर त्यातली एक तरी ६७ किंवा त्याहून लहान असणारच. दोन्ही ६८ किंवा जास्त असत्या तर गुणाकार ४६२४ च्या खाली आलाच नसता. म्हणून ६७ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की काम झालं.

त्यातल्याही काही आधीच गळाल्या आहेत. शेवटचा अंक ७, म्हणून २ आणि ५ नाहीत. अंकांची बेरीज २२, म्हणून ३ नाही. ७, ११, १३ ने मूळ ४११०३० लाच भाग जात नव्हता, तर तिच्या अवयवाला कुठून जाणार? उरल्या तेरा मूळ संख्या. प्रत्येकीने भागल्यावर येणारी बाकी अशी: १७ ने ११, १९ ने ७, २३ ने १३, २९ ने १४, ३१ ने १०, ३७ ने १६, ४१ ने १६, ४३ ने ९, ४७ ने ८, ५३ ने ९, ५९ ने २४, ६१ ने ५३ आणि ६७ ने ११. शून्य कुठेही नाही. म्हणजे ४५६७ मूळ आहे.

वहीत हे लिहिताना नुसतं 'भाग जात नाही' लिहू नका, बाकी लिहा. उदाहरणार्थ ६७ × ६८ = ४५५६, बाकी ११. बाकी लिहिली की दुसऱ्याला तपासता येतं, आणि आपण एखादी मूळ संख्या गाळली असेल तर तेही लगेच दिसतं.

तर ४११०३० = २ × ३ × ३ × ५ × ४५६७. वेगळ्या क्रमाने भागलंत तरी हेच अवयव येणार. प्रत्येक संख्येची मूळ अवयवांत मांडणी एकाच प्रकारे होते, आणि अंकगणिताचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे.

आता कॅम्प. ४११००१ वर पहिल्या पायरीतली एकही कसोटी लागू पडत नाही. लहान अवयव काढून संख्या हलकी करण्याची सोयच नाही. वर्गमूळ ६४१ च्या किंचित पुढे, कारण ६४१ चा वर्ग ४१०८८१ आणि ६४२ चा ४१२१६४. म्हणजे ६४१ पर्यंतच्या ११६ मूळ संख्यांनी भागून बघायचं. पेठेला जे काम तेरा भागाकारांत झालं, त्याला कॅम्पमध्ये ११६ लागतात. शेवटपर्यंत बाकी शून्य येत नाही, तेव्हा ४११००१ ही मूळ संख्या ठरते. इतकंच नाही, तिच्या दोन पावलं मागची ४१०९९९ सुद्धा मूळ आहे. दोहोंत २ चा फरक, म्हणजे शिष्यवृत्तीच्या भाषेत या जोडमूळ संख्या. (४१० ने सुरू होणारे पिनकोड लोणावळा, जुन्नर या बाजूचे, म्हणून जोडीदार शहराबाहेरचा समजायचा.)

शेवटचा भागाकार ६४१ ने झाला म्हणून एक आठवण. फर्माने एका प्रकारच्या संख्या सगळ्या मूळ असाव्यात असं मानलं होतं. त्यातली पाचवी (क्रमांक शून्यापासून धरून) मोजली तर ४२९४९६७२९७ येते, आणि १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं की ती ६४१ × ६७००४१७ आहे. ६४१ पर्यंत न थांबता भागत राहणं कधी कामी येतं, ते असं.

कोथरूडचं सांगायचं तर ४११०३८ = २ × २०५५१९, आणि २०५५१९ मूळ आहे. हे स्वतः ताडून बघायचं असेल तर ४५३ पर्यंतच्या ८७ मूळ संख्या लागतील. डेक्कन ४११००४ = २ × २ × ११ × ९३४१, आणि ९३४१ मूळ. वर्गमूळ ९७ च्या आत असल्यामुळे हा भाग अर्ध्या तासाचाही नाही.

पायरी ३: विभाजक मोजा, मग संख्या कुठल्या गटातली ते ठरवा

विभाजक एकेक शोधत बसू नका. अवयवांतून ते आपोआप बनतात. २ घ्यायचा किंवा नाही, हे दोन पर्याय. ३ एकदाही नाही, एकदा किंवा दोनदा, हे तीन. ५ चे दोन, ४५६७ चे दोन. २ × ३ × २ × २ = २४. पुणे ३० ला बरोबर २४ विभाजक आहेत.

ते लिहून काढायचे असतील तर आधी ९० चे बारा लिहा: १, २, ३, ५, ६, ९, १०, १५, १८, ३०, ४५, ९०. मग प्रत्येकाला ४५६७ ने गुणा: ४५६७, ९१३४, १३७०१, २२८३५, २७४०२, ४११०३, ४५६७०, ६८५०५, ८२२०६, १३७०१०, २०५५१५, ४११०३०. झाले चोवीस. ९० आणि ४५६७ यांच्यामध्ये एकही विभाजक नाही, एवढी मोठी पोकळी. संख्येचा स्वभाव अशा ठिकाणी दिसतो, पण यादीत 'विभाजक: २४' एवढंच लिहिलेलं असतं.

विभाजकांची बेरीजही अवयवांवरून: (१+२) × (१+३+९) × (१+५) × (१+४५६७) = ३ × १३ × ६ × ४५६८ = १०,६८,९१२. यातून खुद्द संख्या वजा केली की उरतात ६,५७,८८२. ही बेरीज संख्येपेक्षा मोठी आली तर संख्या विपुल, लहान आली तर न्यून, बरोबर तेवढीच आली तर परिपूर्ण. सदाशिव पेठ विपुल निघाली.

डेक्कनचं गणित करा: ७ × १२ × ९३४२ = ७,८४,७२८. वजा ४,११,००४ म्हणजे ३,७३,७२४. न्यून. पेठेत राहणाऱ्यांनी यावरून काही निष्कर्ष काढू नयेत, काढतीलच म्हणा. कोथरूड तर फारच न्यून, १ + २ + २०५५१९ = २,०५,५२२. आणि कॅम्पसारख्या मूळ संख्येकडे स्वतःखेरीज १ सोडून काहीच नसतं.

विपुल ओळखायला एवढा खटाटोप नेहमी लागत नाही. ६ पेक्षा मोठी आणि ६ ने भाग जाणारी प्रत्येक संख्या विपुल असते. तिचा निम्मा, तिचा तिसरा हिस्सा आणि तिचा सहावा हिस्सा हे तिन्ही विभाजक असतात, आणि त्यांची बेरीज पूर्ण संख्येइतकी होते. पुणे ३० साठी २०५५१५ + १३७०१० + ६८५०५ = ४११०३०. वर १ हा विभाजक उरतोच, म्हणून बेरीज संख्येपलीकडे गेली. हे एवढं कळलं की ६ च्या पटीतला पिनकोड बघून तोंडी सांगता येतं.

परिपूर्ण आहे का, हे सहा आकडी संख्येसाठी तपासूच नका. परिपूर्ण संख्या ६, २८, ४९६, ८१२८ आणि त्यानंतर थेट ३,३५,५०,३३६. मध्ये कुणी नाही.

पायरी ४: वर्गांशी नातं

पूर्ण वर्ग आहे का, हे अवयवांवरून लगेच कळतं. वर्गात प्रत्येक मूळ अवयव सम वेळा यावा लागतो. इथे २, ५ आणि ४५६७ एकेकदाच आहेत, म्हणजे वर्ग नाही. घन नाही हेही त्यातच आलं. त्रिकोणी संख्येसाठी (१ + २ + ३ अशा ओळीच्या बेरजेतून येणारी ती त्रिकोणी) आठपट करून १ मिळवा आणि वर्ग येतो का बघा: ३२,८८,२४१. १८१३ चा वर्ग ३२,८६,९६९ आणि १८१४ चा ३२,९०,५९६. मध्येच अडकली, म्हणून त्रिकोणीही नाही.

खरी मजा पुढच्या प्रश्नात आहे: ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का? यालाही अवयवच उत्तर देतात. ४ ने भागल्यावर ज्यांची बाकी ३ येते असे सगळे मूळ अवयव सम वेळा आले, तरच जमतं. पेठेत ३ दोनदा आहे, तो चालला. पण ४५६७ ची बाकी ३ (शेवटच्या ६७ वरून बघा) आणि तो एकदाच. जमत नाही. डेक्कनमध्ये ११ आडवा येतो.

कॅम्पचं मात्र जमतं. ४ ने भागल्यावर १ बाकी उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असतेच, आणि तीही एकाच प्रकारे. शोधायचं कसं? वर्गाला ५ ने भागलं तर बाकी ०, १ किंवा ४ च येते. ४११००१ ची बाकी १. दोन वर्ग मिळून १ यायला त्यातला एक ० हवा, म्हणजे दोनपैकी एक संख्या ५ च्या पटीत. बेरीज विषम आहे, तेव्हा एक संख्या सम आणि एक विषम. ८ ने भागूनही बाकी १ येते आणि विषम संख्येच्या वर्गाची बाकी नेहमी १ असते, म्हणून सम संख्या ४ च्या पटीत. समजा ५ आणि ४ दोन्ही एकाच संख्येत आहेत, तर ती २० च्या पटीत. मग २०, ४०, ६० असं पुढे जात प्रत्येकाचा वर्ग वजा करून बघा. ४०० पाशी थांबाल: ४११००१ − १६०००० = २५१००१, आणि ५०१ × ५०१ = २५१००१. कॅम्पचा पिनकोड म्हणजे ४०० चा वर्ग अधिक ५०१ चा वर्ग. अंदाज चुकला असता तर दुसरा पर्याय, म्हणजे विषम संख्या ५ च्या पटीत, तपासायचा.

पायरी ५: अंकांचे खेळ, वेगळ्या पानावर

आतापर्यंतचे गुणधर्म संख्येचे होते, लिहिण्याच्या पद्धतीचे नव्हते. ४११०३० गोट्या मोजून ठेवल्या तरी त्यांचे २४ विभाजक तेच राहतात. आता येणारे गुणधर्म दशमान पद्धतीत लिहिलेल्या अंकांचे आहेत. दोन्ही एकाच यादीत मिसळू नका, म्हणूनच वेगळं पान म्हटलं. कमी-जास्त महत्त्वाचं ठरवायला नव्हे. मलाही हेच पान जास्त आवडतं.

या पानावर पहिलं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचं. डहाणूला १९०५ मध्ये जन्म, शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात, तिथेच १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक, आणि पुढची सगळी नोकरी देवळालीला शाळामास्तर म्हणून. फर्ग्युसनचा पिनकोड आपला न्यून ४११००४ च.

हर्षद संख्या ही त्यांचीच. संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने भाग गेला पाहिजे. ४११०३० ÷ ९ = ४५६७०. पेठ हर्षद. डेक्कनच्या अंकांची बेरीज १० आणि संख्येच्या शेवटी ४, जमणार नाही. कोथरूडची बेरीज १७, भागून बाकी १२. गाडीच्या नंबरची बेरीज नऊ यावी म्हणून जादा पैसे मोजणारे भेटतात. त्यांना सांगायला हरकत नाही की अंकांची बेरीज करत करत एका अंकावर आलं तर दर नवव्या संख्येला नऊच येतात.

दुसरी त्यांची देवळाली संख्या. कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. जी अशा रीतीने कधीच तयार होत नाही ती देवळाली संख्या. २०, ३१, ४२, ५३ या तशा आहेत. ४११०३० नाही, कारण ४११०२१ मध्ये ९ मिळवले की ती मिळते. दुसरा कुणी जनक आहे का? संख्या ९ च्या पटीत असल्याने जनकही ९ च्या पटीतच हवा, म्हणून ९, १८, २७, ३६, ४५, ५४ एवढेच वजा करून बघायचे. पहिला सोडून कुणाच्याही अंकांची बेरीज जुळत नाही. ४११०२१ एकटाच.

आणि तिसरा, सगळ्यांना ठाऊक असलेला ६१७४, जो त्यांनी १९४९ मध्ये मांडला. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली वजा करा, पुन्हा तेच. फार तर सात फेऱ्यांत ६१७४ येते. आपल्या ४५६७ वर करून बघा: ७६५४ − ४५६७ = ३०८७. मग ८७३० − ०३७८ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. तीनच फेऱ्या.

पूर्ण सहा अंकांवर केलं तर वेगळं होतं. ४३११०० − ००११३४ = ४२९९६६. पुढे ७४९९४३, मग ६५२६४४, मग ४२०८७६. आता वाटतं कुठेतरी स्थिरावेल. ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, आणि पुन्हा ४२०८७६. सात संख्यांचं चक्र, त्यातून सुटका नाही. सहा अंकांत स्थिर राहणाऱ्या दोन संख्या आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४, पण पुणे ३० त्यांच्याकडे जातच नाही. वजाबाकी करताना सुरुवातीचे शून्य गाळू नका. ००११३४ ऐवजी ११३४ लिहिलंत तरी पहिल्या फेरीत फरक पडणार नाही, पण एखाद्या फेरीचं उत्तरच पाच अंकी आलं आणि त्याचं शून्य विसरलात, तर पुढचं सगळं घसरतं.

द्विमान पद्धतीचं काम यांत्रिक आहे. २ ने भागत जा, बाक्या खालून वर वाचा. येतं ११००१०००१०११००१०११०, एकोणीस अंक, त्यात नऊ वेळा १. दशमान पद्धतीत बेरीज ९ आणि इथेही नऊ एकं! हाही योगायोगच, आणि अंकांचे गुणधर्म लिहिण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतात म्हणजे काय ते ताडायचं असेल तर हेच कोथरूडवर करून बघा.

आता स्वतः करायला: शिवाजीनगर, ४११००५

मुद्दाम सोपा निवडलाय. तीन-तीन अंकांची कसोटी लावा: ४११ − ५ = ४०६ = ७ × ५८. म्हणजे ७ मिळाला. शेवटी ५ आहेच. अवयव यायला हवेत ५ × ७ × ११७४३. ११७४३ मूळ आहे हे ठरवायला १०८ च्या पुढे जाऊ नका. १०७ ही शेवटची मूळ संख्या. विभाजक आठ, त्यांची बेरीज ५,६३,७१२, संख्या वजा जाता १,५२,७०७, म्हणून न्यून. दोन वर्गांची बेरीज होत नाही, ७ एकटा पडतो. अंकांची बेरीज ११, आणि ४०६ ला ११ ने भाग जात नाही, म्हणून हर्षदही नाही. उत्तर वेगळं आलं तर आधी बाक्यांची ओळ तपासा, बहुतेक वेळा चूक तिथेच असते. लहान मुलांना यात खरी गोडी लागली तर लॉ कॉलेज रोडजवळ भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेत गणित ऑलिंपियाडची तयारी करून घेतात. तिथे जाताना बाक्या लिहिलेली वही सोबत न्या.